संस्थांमध्ये राहणाऱ्यांपर्यंत गाणं, चित्र, गोष्ट न्यायची तर: नव्यांसाठी मार्गदर्शक

वृद्धाश्रम, शुश्रूषागृह, पुनर्वसन केंद्र, मनोरुग्णालय, दीर्घ उपचारांचं रुग्णालय. अशा ठिकाणी महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसांसाठी आपण गावं, त्यांच्यासोबत चित्रं काढावीत, गोष्टी रचाव्यात असं वाटणारे पुष्कळ जण मला भेटतात. इच्छा मनापासूनची असते. अडतं ते पुढे. परवानगी कुणाकडे मागायची, काय न्यायचं, समोरचा माणूस काहीच बोलला नाही तर काय करायचं, हे सांगणारं कुणी नसतं. मी हे काम बरीच वर्षं करते आहे. सुरुवातीला जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. संस्थेत राहणाऱ्या माणसाचं उठणं, अंघोळ, जेवण, औषध, दिवे मालवण्याची वेळ, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. त्याला इलाजही नसतो, एवढ्या माणसांचं करायचं तर वेळापत्रक लागतंच. पण माणूस एकटा पडतो तो फक्त नातेवाईक येत नाहीत म्हणून नाही. त्याला कुणी काही विचारत नाही, म्हणूनही तो एकटा पडतो. त्यामुळे तुमच्या कार्यक्रमातलं सगळ्यांत मोलाचं काय, तर तिथल्या माणसाला काहीतरी स्वतः ठरवता येणं. कोणतं गाणं, कोणता रंग, समोर बसायचं की मागे. आणि यायचं की नाही, हेसुद्धा.

१. पहिल्यांदा जाल तेव्हा काहीही सादर करू नका

वाद्य घरी ठेवा. एक दुपार फक्त बसायला जा. दिवसाचा क्रम पाहा: जेवण केव्हा, औषधं केव्हा, कपडे बदलणं केव्हा, झोप केव्हा. टीव्ही कुठे लावलेला असतो आणि तो कुणी पाहतं का. चाकाच्या खुर्च्या कोणत्या दारातून जातात. कोण खोलीबाहेर येतं आणि कोण कधीच येत नाही. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर तुमचं निम्मं नियोजन तिथेच होतं.

डिमेन्शिया (स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळत जाणारा विकार) असलेल्या अनेकांना दुपार कलली की अस्वस्थता वाढते. म्हणून त्यांच्यासाठी सकाळी उशिराची वेळ बहुधा बरी पडते. पण हे प्रत्येक ठिकाणी विचारून घ्या.

२. संस्थेतला एक माणूस पक्का करा

व्यवस्थापकांची परवानगी लागतेच, पण काम चालतं ते रोज मजल्यावर असणाऱ्या माणसामुळे. सिस्टर, काळजीवाहक, उपचारतज्ज्ञ, कुणीही. कुणाला कोणत्या कानाने ऐकू येतं, कुणाला मोठ्या आवाजाची भीती वाटते, कुणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्याशी आधी बोला आणि कार्यक्रमाच्या वेळी त्यांच्यापैकी एक जण खोलीत असेलच, असं ठरवून घ्या. तुम्ही आलात म्हणजे तासभर सुटका, असं समजून सगळे निघून जातात, हा अगदी नेहमी आढळणारा घोटाळा आहे. कुणाला चक्कर आली, कुणाला स्वच्छतागृहात जायचं असलं, तर तुम्ही काहीही करू शकत नाही. करूही नये.

प्रस्ताव एका पानाचा पुरे. काय करणार, किती वेळ, किती जणांसाठी, कोणतं सामान आणणार, संस्थेकडून काय हवं. पहिला टप्पा सहा-आठ भेटींचा ठेवा. "कायमचे येऊ" असं उत्साहात सांगू नका.

३. कागदपत्रं

देशागणिक नियम वेगळे आहेत. तरी साधारण हे लागतं किंवा मागितलं जातं:

- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- पोलीस पडताळणी (मुलं, वृद्ध किंवा मनोरुग्ण यांच्यासोबत काम असेल तर बहुतेक ठिकाणी)
- तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जणांची शिफारस
- लसीकरणाची आणि गरज असेल तर क्षयरोग तपासणीची नोंद
- गोपनीयतेच्या करारावर सही
- फोटो किंवा ध्वनिमुद्रण करायचं असेल तर प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती. स्वतः संमती देण्याची क्षमता नसेल, तर कायद्याने ज्याला अधिकार आहे त्याची

पडताळणीला आठवडे लागू शकतात. तारीख ठरवण्याआधीच अर्ज करा.

फोटोंबद्दल माझं मत जरा कडक आहे. पहिल्या काही भेटींत फोन पिशवीतच असू द्या. रात्रीच्या कपड्यांत, दात न लावता बसलेल्या माणसाचा फोटो कागदावर सही असली तरी काढायचा नसतो.

४. काय न्यायचं

इथे थोडं थांबते, कारण नवे लोक सगळ्यांत जास्त इथे अडतात.

*गाणं.* साठीनंतरच्या माणसांना सर्वांत ठळक आठवतो तो साधारण 10 ते 30 या वयातला काळ. मानसशास्त्रात हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे गाणी निवडताना साधा हिशोब करा: माणसाच्या आजच्या वयातून 20 वजा करा आणि तेवढी वर्षं मागे जा. वय 80 असेल तर साठ वर्षांपूर्वी लोक काय गुणगुणत होते ते शोधा. "जुनी गाणी" म्हणून स्वतःच्या आईच्या आवडीची गाणी नेणं, हा इथला सापळा आहे. नव्वदीच्या माणसाला आणि सत्तरीच्या माणसाला जोडणारी गाणी वेगळी असतात.

स्वर खाली घ्या. वयाबरोबर आवाजाचा पल्ला आक्रसतो. चांगले गाणारे स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गातात आणि मग सगळी खोली गप्प राहते. दोन-तीन स्वर उतरवा, लय किंचित संथ करा, कडव्यांमध्ये श्वासाला जागा द्या. लोक गायला लागतात.

दुःखी गाणं वर्ज्य नाही. कुणी रडलं तर घाबरून लगेच उडत्या चालीचं गाणं सुरू करू नका. बाजूला बसा, गाणं पूर्ण होऊ द्या, मग विचारा, "अजून हवं की पुरे?" मात्र आवाजाने कुणी बेचैन होऊन खुर्चीवरून उठायला लागलं, कान झाकायला लागलं, तर ताबडतोब थांबा.

*चित्र.* कागद टेबलाला चिकटपट्टीने डकवा, म्हणजे एका हाताने काम करणाऱ्यालाही तो धरून ठेवावा लागत नाही. बोटं आखडलेल्यांसाठी जाड दांड्याचे ब्रश घ्या, किंवा साध्या पेन्सिलीभोवती स्पंजची नळी गुंडाळा. टेबल पांढरं असेल तर कागदाखाली गडद कापड पसरा, कडा दिसतात. वय वाढतं तशी डोळ्यातली नैसर्गिक भिंग पिवळसर होते आणि निळा-हिरवा वेगळा ओळखणं अवघड जातं. म्हणून ठळक, एकमेकांपासून दूरचे रंग ठेवा, आणि एका वेळी तीन-चारच. चोवीस रंगांचा डबा समोर उघडला की निवडणं सोपं होत नाही, अवघड होतं.

रंग पाण्यात विरघळणारे आणि बिनविषारी हवेत. मणी, चमकी, बटणं असलं बारीक सामान डिमेन्शिया असलेल्यांच्या हाती देऊ नका, ते तोंडात जातं. रंगांचं पाणी पिण्याच्या पेल्यात कधीही भरू नका.

आणि कृपा करून लहान मुलांची रंगवायची पुस्तकं नेऊ नका. समोर आयुष्यभर घर, कारखाना, शाळा, शेत सांभाळलेली माणसं असतात. सोपं साहित्य आणि बालिश साहित्य यांत फार अंतर आहे. एक पिकलेलं फळ, एक झाडाची फांदी, चांगल्या प्रतीचा कागद, एवढ्यावर उत्तम काम होतं.

*गोष्ट.* हा मला स्वतःला सर्वांत जवळचा प्रकार. अमेरिकेत ॲन बास्टिंग यांनी 1998 मध्ये टाइमस्लिप्स नावाचं काम सुरू केलं. डिमेन्शिया असलेल्या माणसांना "आठवतंय का?" असं विचारणं सोडून द्यायचं, एक चमत्कारिक चित्र समोर ठेवायचं आणि कल्पना करायला सांगायचं, ही त्यामागची दिशा. उदाहरणार्थ, हत्ती बाकावर बसलाय, शेजारी एक मुलगी. कोण आहे ही? कुठे निघालेत दोघं? वास कसला येतोय? जे उत्तर येईल ते मोठ्या कागदावर जसंच्या तसं लिहायचं, मग ते अर्धवट शब्द असोत की नुसता आवाज. थोड्या थोड्या वेळाने आतापर्यंतची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायची. चुकीचं उत्तर असा प्रकारच इथे नाही. म्हणून ज्यांना दिवसभर सगळे दुरुस्त करत असतात, ती माणसं इथे बोलायला लागतात.

*भिंतीवरचं चित्र.* अंथरुणातून उठू न शकणाऱ्यांसाठी हा साधा मार्ग आहे. काही रुग्णालयांत मढवलेली चित्रं ढकलगाडीवर घालून खाटेपाशी नेतात आणि रुग्ण आपल्या समोरच्या भिंतीसाठी एक निवडतो. माणूस दिवसरात्र ज्या भिंतीकडे पाहतो, तिच्यावर काय असावं हे त्याला विचारायला फारसं कुणी जात नाही. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. नजरेसमोर काय आहे याने फरक पडतो, हे संस्थेला पटवायला हा दाखला उपयोगी येतो. व्यवस्थापकांनी "याचा फायदा काय?" विचारलं तर जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा अहवालही सांगा. कला आणि आरोग्य यांविषयीच्या 3,000 हून अधिक अभ्यासांचा आढावा त्यात घेतला आहे.

५. खोली नीट लावा

टीव्ही आणि रेडिओ बंद. श्रवणयंत्र जवळचे-लांबचे सगळेच आवाज वाढवतं, त्यामुळे मागे टीव्ही चालू असेल तर तुमचा शब्द त्यात बुडतो. वयामुळे कमी होणारी श्रवणशक्ती आधी उंच स्वरांची जाते. म्हणून ओरडू नका, आवाज खालच्या पट्टीत ठेवा, सावकाश बोला. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहा. खिडकीकडे पाठ केली की तुमचे ओठ कुणालाही दिसत नाहीत.

खुर्च्या रांगेत नको, अर्धवर्तुळात मांडा. दाराजवळ दोन-तीन जागा मोकळ्या ठेवा: ज्यांना फक्त डोकावायचं आहे आणि ज्यांना मध्येच निघायचं आहे, त्यांच्यासाठी. वायरी भिंतीलगत चिकटवून टाका. मेणबत्ती, उदबत्ती, कसलीही ज्योत नको, कारण कुणाला ऑक्सिजन लावलेला असू शकतो. लुकलुकणारे दिवेही नकोत, ते अपस्मार असलेल्यांना धोकादायक ठरतात.

६. तो तास कसा जातो

तास म्हणते खरं, पण पंचेचाळीस मिनिटं पुष्कळ झाली. आधीची पंधरा आणि नंतरची पंधरा मिनिटं प्रत्येकाला भेटण्यासाठी राखून ठेवा.

आल्यावर प्रत्येकाच्या नजरेच्या पातळीवर या. खुर्चीवर बसलेल्याशी उभं राहून बोलू नका. आपलं नाव दर वेळी सांगा, दहाव्या भेटीतही. "ओळखलंत का मला?" हा प्रश्न विचारू नका. ती परीक्षा होते आणि नापास होणाऱ्याला दिवसभर वाईट वाटतं.

निवड नेहमी दोनांतली द्या: "हे की ते?" बोलता न येणाऱ्याला दोन चित्रं किंवा दोन वस्तू दाखवा आणि नजर कुठे थांबते ते पाहा. मग वाट पाहा. डिमेन्शिया किंवा पक्षाघात झालेल्या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक नवे लोक तीनवर पोचले की स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

झोपलेल्याला उठवू नका. डोळे मिटून बसलेला माणूस ऐकत असतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. खुर्चीच्या हातावरचं बोट ठेका धरून असतं.

शेवट ठरलेला असू द्या. दर वेळी तेच एक निरोपाचं गाणं किंवा तीच एक कृती. पुढच्या भेटीचा दिवस मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

७. खोलीतून बाहेर न येणारे

सभागृहातला कार्यक्रम दिसायला छान दिसतो, संस्थेलाही तोच आवडतो. पण खरी एकटी माणसं तिथे नसतात. ती खाटेवर असतात, किंवा येण्याची इच्छाच उरलेली नसते. म्हणून ठरवून, प्रत्येक भेटीतला किमान तिसरा हिस्सा खोल्यांसाठी ठेवा. सभागृहातलं दहा मिनिटांनी कमी झालं तरी चालेल.

दार उघडं असलं तरी वाजवा. उंबऱ्यावरच थांबा, नाव सांगा, विचारा. ती खोली म्हणजे त्या माणसाचं घर आहे. हॉस्पिटलमध्ये मुलांसाठी काम करणारे विदूषक (न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कसने 1986 मध्ये हा उपक्रम सुरू केला) हा नियम फार काटेकोरपणे पाळतात: मुलाने "नको" म्हटलं तर विदूषक परत फिरतो. इंजेक्शनला नको म्हणता येत नाही, विदूषकाला म्हणता येतं. मोठ्यांनाही हेच लागू आहे. कुणी नको म्हटलं तर "बरं, पुढच्या वेळी विचारेन" म्हणा आणि पुढच्या वेळी खरंच विचारा. तिसऱ्या-चौथ्या नकारानंतर दार उघडल्याचं मी पाहिलं आहे. कधीच न उघडल्याचंही.

आत गेलात तर एकच गाणं, हळू. मोठं वाद्य नको. कधी कधी माणसाला गाणं नको असतं, पण तुमच्या वहीतली चित्रं पाहायची असतात. कधी त्यालाच काही म्हणून दाखवायचं असतं. एड्रियन हिल हे ब्रिटिश चित्रकार 1938 मध्ये क्षयरोगासाठी सॅनेटोरियममध्ये होते. अंथरुणात पडल्या पडल्या ते स्वतः चित्रं काढत राहिले आणि मग शेजारच्या रुग्णांनाही त्यात ओढलं. आपण आज वापरतो तो "आर्ट थेरपी" हा शब्दप्रयोग त्यांनी 1942 मध्ये रूढ केला. तेव्हा समोरचा माणूस फक्त श्रोता असेल, असं धरून चालू नका. तो चांगला वादक, शिक्षक, गोष्टी सांगणारा असू शकतो. एखाद्याकडून शिकून घेतलेलं गाणं पुढच्या भेटीत त्याचं नाव सांगून सर्वांसमोर गा.

८. जे चुकूनही करायचं नाही

- कुणालाही खायला-प्यायला देऊ नका, पाणीसुद्धा नाही. गिळण्याचा त्रास असलेल्याला साधं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.
- कुणाला उचलू नका, खुर्चीतून उभं करू नका. चाकाची खुर्ची हलवायची तर आधी विचारा, पाय पायपाटीवर आहेत का पाहा, थांबल्यावर ब्रेक लावा.
- कुलूपबंद विभागाच्या दारातून बाहेर पडताना मागे वळून पाहा. कुणी तुमच्यामागून बाहेर पडत असेल तर सिस्टरना हाक मारा.
- सर्दी, ताप, जुलाब असेल तर जाऊ नका. कार्यक्रम बुडाला तरी चालतो.
- प्रत्येक खोलीआधी आणि नंतर हात धुवा. जुलाबाची साथ असेल तर सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, नोरोव्हायरससारख्या जंतूंसाठी साबण आणि पाणीच लागतं. वाद्यं, ब्रश, खुळखुळे पुसता येण्याजोगे असावेत.
- तिथे ऐकलेलं बाहेर सांगू नका. मात्र कुणी मारहाणीबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोललं, तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला कळवा.
- बरं करण्याचा दावा करू नका. कला-उपचारक हे प्रशिक्षण घेतलेले व्यावसायिक असतात. आपण कलाकार म्हणून जातो, तेवढं पुरेसं आहे.

९. सोबतीला माणसं जोडा

एकट्याने हे काम टिकत नाही. एक जण आजारी पडला की भेट बुडते, आणि वाट पाहणाऱ्या माणसांसाठी बुडालेली भेट फार जड असते. दोघांची जोडी धरा. कलाकार गोळा करत असाल तर त्यांना मानधन देता येईल का, हे पहिल्या दिवसापासून पाहा. व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन यांनी 1977 मध्ये ब्रिटनमध्ये लाइव्ह म्युझिक नाऊ ही संस्था सुरू केली. तिच्यात तरुण व्यावसायिक वादकांना अशा ठिकाणी वाजवण्याचं प्रशिक्षण मिळतं आणि मोबदलाही. दुसरीकडे, गायिका मिमी फरीन्या यांनी 1974 मध्ये कॅलिफोर्नियात उभी केलेली ब्रेड अँड रोझेस ही संस्था स्वयंसेवी कलाकारांच्या बळावर मोफत कार्यक्रम करत आली आहे. दोन्ही वाटा चालतात. पण फुकट आहे म्हणून तयारीशिवाय आलेला कलाकार नेऊ नका. संस्थेतल्या माणसांनाही चांगलं ऐकण्याचा हक्क आहे, आणि सुमार गाणं त्यांना बरोबर कळतं.

१०. वही ठेवा

भेट संपल्यावर, घरी पोचण्याआधी, चार ओळी लिहा. कोण आलं, कोण नाही, कुणी काय मागितलं, कोणत्या गाण्याला कोणाचे ओठ हलले. पूर्ण नावं लिहू नका, खुणेची अक्षरं पुरतात. पुढच्या वेळी "तुम्ही ते नदीचं गाणं मागितलं होतं" असं म्हणता आलं, तर त्या माणसाला कळतं की आपलं म्हणणं कुणीतरी लक्षात ठेवलं. हीच वही पुढे संस्थेला आणि मदत देणाऱ्यांना दाखवायच्या अहवालासाठी उपयोगी पडते. टाळ्या आणि हजेरी मोजण्यापेक्षा या नोंदी जास्त सांगतात.

एखाद्या भेटीला खुर्ची रिकामी दिसेल. आधी सिस्टरना बाजूला घेऊन विचारा, सगळ्यांसमोर नको. मृत्यू झाला असेल तर इतर निवासींना तो सांगितलाय का, तेही विचारा. चालणार असेल तर त्यांच्या आवडीचं गाणं नाव घेऊन गा. सगळे पाहत असतात की गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेतं का.

११. थांबायचं असेल तेव्हा

कधीतरी तुमची नोकरी बदलेल, गाव बदलेल, टप्पा संपेल. शेवटच्या दिवशी जाहीर करू नका. तीन-चार भेटी आधीपासून सांगत राहा, भिंतीवरच्या कागदावर उरलेल्या तारखा लिहा, कारण काही जण विसरतील आणि त्यांना पुन्हा सांगावं लागेल. नंतर येणारा कुणी असेल तर त्याला निदान दोन भेटींत सोबत न्या, एक गाणं दोघांनी मिळून गा. काढलेली चित्रं, रचलेल्या गोष्टी ज्यांच्या त्यांना परत द्या. कुणाला त्या भिंतीवर लावायच्या असतील तर तिथे, कुणाला नातवंडांना पाठवायच्या असतील तर पाकिटात घालून. गाण्यांची यादी आणि कुणाला काय आवडतं याच्या नोंदी संस्थेतल्या तुमच्या त्या माणसाकडे सोपवा, म्हणजे पुढचा येणारा कोऱ्या पानापासून सुरुवात करणार नाही.